अण्णांची थापी आणि माझ्या थापा

कुंभाराच्या दारातली खापरं आणि माझ्या तोंडातले किस्से, कितीही झाडा, उरतातच! एक उचलायला जावं तर खालून चार निघतात. आता झाडायचाही कंटाळा येतो. गुडघे संपावर गेलेत, तोंड तेवढं कामावर येतं. म्हणून यंदाचा ढीग इथं ओततो. तुम्हीच वेचा.

सगळे किस्से एका लाकडाच्या तुकड्याचे आहेत. आमच्या गल्लीत मारोतीअण्णा कुंभार राहतात. हातानं थापून माठ करणारा गल्लीतला शेवटचा माणूस. चाकावरून उतरलेलं मडकं जाड नि बसकं असतं. ते अर्धवट सुकलं की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं हाणायचं. धप, धप, धप. मडकं फुगत जातं, पातळ होत जातं. मग अण्णा मडक्याला कान लावणार आणि स्वतःशीच विचारणार, "बसली का थाप?"

मी त्यांचे माठ जन्मभर टेंपोतून वाहिले. गल्ली मला 'थापाड्या रंगा' म्हणते. अण्णा मडक्याला थापा मारतात, मी माणसांना! अण्णा आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत. त्यांच्या वाटणीचंही मीच बोललो.

*

होळीच्या आधीची गोष्ट. अण्णांच्या सूनबाईला भट्टीपाशी उंदीर दिसला. हाताला काय यावं? थापी! अण्णांच्या वडिलांच्या वेळची, मुठीला अंगठ्याचा खड्डा पडलेली. सूनबाईनं नेम धरला आणि घातली फरशीवर. थापी मधोमध उभी फाटली.

आवाज ऐकून अण्णा धावत आले. "काय झालं गं?"

सूनबाई रडवेली होऊन म्हणाली, "मामंजी, उंदीर वाचला!"

अण्णांनी वाकून थापी उचलली. दोन्ही तुकडे धोतराला पुसले आणि कोनाड्यात ठेवले.

त्यांचा मुलगा दत्ता वाळूजला कंपनीत आहे. पोरगं वाईट नाही. बापाची पाठ दुखते हे त्याला दिसतं. तो म्हणाला, "अण्णा, बास झालं आता. शेडमधलं चाक काढू, तिथं गाडी लावू."

अण्णा म्हणाले, "अशीच थापी मिळाली तर बसतो चाकावर. गुढीपाडव्यापर्यंत नाय मिळाली, तर काढ." आणि माझ्याकडं बघितलं.

टेंपो मी केव्हाच विकला होता. पाय तेवढे शिल्लक होते. निघालो.

*

पहिल्यांदा क्रांती चौकातलं हार्डवेअरचं दुकान. म्हटलं, "थापी द्या." शेठनं गवंड्याची लोखंडी थापी पुढं केली.

"ही नाय. लाकडाची. मडकं थापायची."

शेठनं चष्म्याच्या वरून बघितलं. "रंगामामा, मागं तुम्ही दोन्हीकडून ठोकता येणारा खिळा मागितला होता."

"तो विषय निराळा होता! ही थापी खरी हाय."

"खिळा पण खराच हाय म्हणाला होता."

तेवढ्यात आतून त्यांचा माणूस ओरडला, "शेठ, मामाला सांगा, ह्या टायमाला मी माळ्यावर चढणार नाय!"

*

मग सलीम मिस्त्री. वयानं लहान, पण माझा जुना दोस्त. त्याच्या बापानं अख्ख्या गल्लीच्या चौकटी केल्या. म्हटलं हा तरी नाही म्हणणार नाही.

"चच्चा, लकडी अब कां मिलती? सब प्लाय है," सलीम म्हणाला. पण दोस्तीखातर बसला. प्लाय कापला, घासला, वरून चकचकीत मायका चिकटवला, शिसवीच्या रंगाचा. थापी कसली, लग्नातलं गिफ्ट वाटत होती!

अण्णांनी ओल्या पोत्यात झाकून ठेवलेल्या एका मडक्यावर थाप मारली. दुसरी मारली. तिसऱ्या थापेला मायका सुटला आणि मडक्याच्या पोटाला चिकटून बसला. अण्णा मडक्याकडं बघतात, मी सलीमकडं बघतो.

सलीम मान तिरकी करून म्हणाला, "चच्चा, मटका फर्निश्ड हो गया!"

*

सिडकोत देशपांडे मॅडमचा पॉटरी क्लास आहे. डॉक्टर, वकील, बँकवाले रविवारी येऊन हौसेनं हात मळवतात. कुणीतरी सांगितलं, मॅडमकडं हातानं केलेली लाकडी हत्यारं आहेत. अण्णांना घेऊन गेलो.

मॅडमनी ऑनलाइन मागवलेला डबा उघडला, क्लासमधल्या प्रत्येकाकडं असाच एक. आत दात कोरायला बरी पडतील अशी नाजूक हत्यारं आणि एक छोटीशी थापी. अण्णांनी ती तळहातावर तोलली. "बाई, हिनं वाटी होईल. माठ नाय व्हायचा."

मॅडमचं तोंड उतरलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, तिला रोज तूप पाजा. थापी उपाशी राहिली की मडक्याला चिकटती." सगळा क्लास गंभीर झाला. एका वकिलानं विचारलं, "गाईचं की म्हशीचं?"

पुढच्या रविवारी परत गेलो, मुद्दाम. सगळ्यांच्या थाप्या तुपानं चमकत होत्या! मी पोटातल्या पोटात हसून घेतलं. निघताना मॅडम गेटपर्यंत आल्या.

"काका, लाकडाला जवसाचं तेल लावतात, मला माहितीये. पण तुमचा चेहरा इतका खुलला होता, म्हटलं राहू दे. तूप घरचंच होतं."

मी मान खाली घालून घरची वाट धरली. म्हातारपण म्हणतात ते हेच!

*

शेवटी दत्ताच म्हणाला, "मी आणतो करून, कंपनीतल्या दोस्ताकडून." माप घ्यायला बसला.

"अण्णा, मुठीची जाडी किती?"

"हातात मावंल एवढी."

"वजन?"

"हात दुखला नाय पायजे, पण मडक्याला कळलं पायजे."

"अण्णा, हे मी ड्रॉइंगवर कसं लिहू?"

तरी आणली त्यानं. पांढऱ्या नायलॉनची, मशिनवर कापलेली, आरशासारखी सपाट. अण्णांनी चार थापा मारल्या. मडक्याचा गाल चपटा झाला.

"दत्ता, लई सरळ हाय रे ही. कुठंच वाकत नाय, कुणाचं ऐकत नाय."

आतून सूनबाई म्हणाली, "मग ह्यांच्यावरच गेलीय!"

*

एव्हाना ऊन तापलं होतं. रस्ते खणून ठेवलेले, रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत, आणि जिथं जावं तिथं लोक आधी हसतात, मग 'नाही' म्हणतात. रोज संध्याकाळी मी पाय परातीत बुडवून बसायचो. थाप मारायलासुद्धा दम लागायचा. अण्णांच्या चाकावर पोतं टाकलेलं. एक दिवस दत्ता शेडमध्ये टेप धरून उभा दिसला. गाडी मावते का बघत होता. अण्णा ओट्यावर बसून तेच बघत होते.

म्हणाले, "रंग्या, दमला असशील तर राहू दे."

आता असं म्हटल्यावर माणूस राहू देतो व्हय?

*

पाडव्याच्या दोन दिवस आधी कुणीतरी सांगितलं, कन्नडला तुळशीराम सुतार आहे, अजून बैलगाड्या दुरुस्त करतो. दोघं एसटीनं गेलो. सुतार आमच्याच वयाचा. काय पाहिजे ते अण्णांनी हातानंच दाखवलं. त्यानं अडगळीतून मोडक्या गाडीचं जू ओढून काढलं. बैलांच्या मानेनं घासून गुळगुळीत झालेलं बाभळीचं लाकूड. दुपारभर वाकसानं तासत बसला.

थापी झाली. पण बघायची कशावर? तिथं मडकं कुठलं!

सुतार मला म्हणाला, "पाव्हणं, जरा वाका की."

अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग दुसरी. मग बरगडीपाशी तिसरी. सुतार कान देऊन ऐकतोय!

"कसं हाय?" त्यानं विचारलं.

अण्णा म्हणाले, "थापी ब्येस हाय. मडकं कच्चं हाय."

*

आता शेवटचा.

परतीच्या बसमध्ये थापी माझ्या पंच्यात गुंडाळून माझ्या मांडीवर. अण्णा खिडकीत. मी इतका दमलो होतो की घोरायलाच लागलो. जाग आली ती थेट स्टँडवर. अर्धवट झोपेतच पंचा काखोटीला मारून घरी आलो आणि सोडला. आत थापी नाही!

"अण्णा, थापी?"

"तुझ्यापाशीच होती की."

मी पंचा दोनदा झटकून बघितला. दुसऱ्या दिवशी उजाडताच अण्णांनी चाकावरचं पोतं काढलं, माती घेतली आणि मडकी उतरवायला बसले. म्हणाले, "सांजच्याला थापायला येतील. तवर घेऊन ये."

"अण्णा, ती हरवलीय!"

"बरं बरं," म्हणाले आणि चाक फिरवलं. दत्ता दारात उभा. "रंगाकाका, पुरे आता. द्या त्यांची त्यांना."

स्टँडवर गेलो. खिडकीतल्या साहेबांनी सापडलेल्या छत्र्या दाखवल्या, एक कवळी दाखवली. "थापी म्हणजे गवंड्याची का?" जीप धरून कन्नड गाठलं. सुतार म्हणाला, "जू एकच होतं बाबा." पुन्हा जीप, पुन्हा ऊन. गल्लीत शिरलो तेव्हा चप्पल हातात होती, कारण पाय तिच्यात मावत नव्हते.

अण्णांच्या शेडमध्ये ही गर्दी! पाडव्याची पहिली मडकी थापायची म्हणून गल्ली जमलेली. सलीम होता, देशपांडे मॅडमही आल्या होत्या. अर्धवट सुकलेली मडकी राखेवर रांगेत बसलेली. आता थापली नाहीत तर सकाळपर्यंत वाळून वाया जाणार.

मी हात जोडले. "अण्णा, नाय सापडली. आईची शप्पथ. ही थाप नाय."

सगळी शेड खदाखदा हसली. सलीम म्हणाला, "चच्चा, क्या एक्टिंग है!" मी तिथंच जमिनीवर बसलो. माझे डोळे भरून आले, तर कुणीतरी टाळ्या वाजवल्या!

अण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी एक मडकं मांडीवर घेतलं. डावा हात गोळ्यासकट आत घातला. उजवा हात, ज्या पोत्यावर बसले होते त्याच्या खाली घातला आणि बाभळीची थापी बाहेर काढली.

धप, धप, धप.

मडकं गोल गोल फिरवलं, पोट आलं, मान सरळ झाली. अण्णांनी कान लावून ऐकलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"बसली का थाप, रंग्या?"