डावी बरगडी

हुतुतू खेळताना मला भीती वाटायची, हे माझ्या संघातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. भाटघरपासून वरंधा घाटाच्या पायथ्यापर्यंत आमच्या हिर्डोशी खोऱ्याच्या संघाला सहज हरवेल असा संघ नव्हता, आणि त्या संघाचा बरीच वर्षं मी कप्तान होतो. खोऱ्यातला पहिला बी. ए. सुद्धा मीच. दोन्ही गोष्टी मी मान वर करून सांगतो. पण मधली रेघ ओलांडली की ती मागं किती पावलं राहिली, तेवढंच मी मोजायचो. तोंडानं ‘हुतुतूतू’ चालू, दम एकच, आणि समोर वाट बघत उभे असलेले गडी. दम तुटायच्या आत कुणाला तरी शिवून परत यायचं, नाहीतर तिथंच खाली दाबलं जायचं.

त्या साली भातं काढून झाल्यावर वेल्ह्याच्या संघाशी भोरात नदीकाठी सामना ठरला. थोडे दिवस आधी सरावात आमच्याच एका गड्याचा गुडघा माझ्या डाव्या बरगडीत बसला. श्वास घेतला की आत सुरी फिरायची. वरच्या वाडीत हाडं बसवणारा एक म्हातारा धनगर होता, त्याला दाखवलं.

“तडा गेलाय,” तो म्हणाला. “आजून येक दणका बसला तर हाड आत घुसंल. मग मला बलवू नगा.”

मी चुलतभावाकडं गेलो. संघात तोच सगळ्यांत मोठा. म्हटलं, “दादा, या खेपेला तुमी कप्तान व्हा, मी बसतो.”

“का रं? बुकं वाचून हाडं मऊ झाली व्हय?” तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, फक्त हात बरगडीकडं जाऊ दिला नाही. पुढचं बोलणं तसंच राहिलं.

आमच्याकडं काही गडी अंगाला तेल चोपडून येत आणि धरले की मासोळीसारखे निसटत. म्हणून खेळाआधी एका कप्तानानं दुसऱ्या संघाच्या उघड्या अंगांना माती चोळायची अशी रीत होती. लंगोटाशिवाय अंगावर चिंधी चालत नसे. बरगडीला आवळलेलं धडपं मी बाभळीच्या आडोशाला सोडलं.

वेल्ह्याचा कप्तान दांडग्या मिशांचा शेतकरी होता. ओंजळीत माती घेऊन तो एकेकाला चोळत माझ्यापाशी आला.

“काय मास्तर, शाई-बिई लावलीय का अंगाला?”

त्याचे गडी खिदळले. पाठ झाली, खांदे झाले, उजवी कूस झाली. मग हात डावीकडं आला. मी दात आवळून समोरच्या डोंगराकडं बघत राहिलो. तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण अंग थोडंच ऐकतं! पोट आपसूक आत ओढलं गेलं. त्याचा हात थांबला. त्यानं पुन्हा हलकेच दाबून बघितलं, माझ्या डोळ्यांत बघितलं.

“त्याल न्हाई!” तो पंचांना ओरडून म्हणाला, आणि सरळ आपल्या गड्यांच्या कानाला जाऊन लागला.

पहिल्याच चढाईला सगळे माझ्या डाव्या अंगाला सरकले. तरी डोकं चालू होतं. सगळ्यांची नजर एकाच जागी असेल तर बाकीचं अंग मोकळं आहे. मी डावा हात मुद्दाम वर घेतला, बरगडी उघडी दाखवली. दोघं गुडघे उगारून धावले, तसा वळलो, उजव्या पायानं दोघांना शिवलो आणि रेघेवर अंग टाकलं.

मग प्रत्येक चढाईला तेच. दर खेपेला गुडघा जास्त जवळून जायचा. शेवटी त्यांचा कप्तान एकटा उरला. तो काही अंगावर येईना. माझा दम कधी संपतो याची वाट बघत उभा राहिला. मला तर पुरता दम घेताच येत नव्हता. मग मीच डावी बाजू पुढं करून त्याच्याकडं चालत गेलो. त्यानं खांदा घातला. तो बरगडीला घासून गेला, माझा हात त्याच्या पाठीला लागला, आणि उरलेल्या दमावर मी रेघेपलीकडं कोसळलो.

आमच्यांनी मला खांद्यावर उचललं. दादानं डाव्या कुशीत हात घालून आवळलं. मी किंचाळलो. त्यांना वाटलं जिंकल्याचा आनंद. तेही किंचाळले, नाचायला लागले. ‘उतरवा’ म्हणायला छातीत वारा नव्हता. आता हाड आत जाणार, एवढंच डोक्यात होतं.

“आरं उतरवा त्याला! बरगडी गेलीय मास्तरची, मरंल त्यो!” वेल्ह्याचा कप्तान गर्दी फाडत आला.

दादा जागीच थांबला. “तुला कसं ठावं?”

“म्या हात लावलाय न्हवं. तितंच हाना म्हून मीच सांगितलं व्हतं.”

त्यानंच मला धरून मातीवर निजवलं आणि शेजारी बसला.

“दम घे, मास्तर.”

मी मान हलवली. घ्यायचं धाडस होईना.

“घे. उगं थोडा थोडा.”

मी थोडा घेतला. तो आत गेला. आणि मग पुढचा घ्यायला पुन्हा तितकाच घाबरलो.