नियम सातवा आणि तुंब्यातली मका

इंटर्नशिपचे नियम मी रागाच्या भरात लिहिले आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तिच्याकडे येतेच.

नंदुरबारला एका संस्थेच्या आवारात आमचं लहानसं आदिवासी संग्रहालय आहे. दोन दालनं, एक कोठी, एक शिपाई आणि मी. सातपुड्यातल्या पाड्यांवरून जमवलेले ढोल, बासऱ्या, मासे धरायचे सापळे, धनुष्यबाण, चांदीचे दागिने, धान्याच्या कणग्या. मी इथली अभिरक्षक, म्हणजे पगार शिपायापेक्षा थोडा जास्त आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. तेवढ्यात माझं बरं चाललं होतं. मग पदवीसाठी इंटर्नशिप सक्तीची झाली, आणि ज्या पोरांना बँकेनं, दवाखान्यानं, कारखान्यानं दारात उभं केलं नाही ती सगळी वरात माझ्याकडे आली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

पहिल्या तुकडीनं मला काय काय दाखवलं, सांगू? बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याचा मुलगा दुपारी मांडणीतल्या खाटेवर ताणून द्यायचा. उठवलं तर म्हणाला, ‘‘मॅडम, खाट मजबूत आहे की नाही ते बघत होतो.’’ दोघी जणींनी गळ्यात दागिने घालून रील काढली. एकानं वाटीतली मोहाची फुलं खाल्ली आणि वर मलाच सांगितलं, ‘‘जुनी झालीत, बदला.’’ एका शहाण्यानं धनुष्य ताणून पाहिलं आणि बाण सूचनाफलकात घुसला. फलकासमोर त्या वेळी शिपाई उभा असता तर? होळीच्या नाचात घालायच्या टोपीतली मोराची दोन पिसं गेली ती गेलीच. कोणी नेली हे कोणी कबूल करेना.

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, डबा न उघडता मी अकरा नियम लिहिले. सातवा असा: ‘संग्रहातील कोणतीही वस्तू किंवा वस्तूचा कोणताही भाग बाहेर नेल्यास इंटर्नशिप तत्काळ रद्द होईल व प्रमाणपत्र मिळणार नाही.’ ‘कोणताही भाग’ हे त्या पिसांसाठी. कॉलेजचे सर वाचून म्हणाले, ‘‘मॅडम, भाषा जरा सौम्य करता आली तर.’’ मी म्हटलं, ‘‘सर, आधी तुमची पोरं सौम्य करा.’’ कागद मोठ्या अक्षरात छापून घेतला, काच बसवली आणि दारातच लावला.

दुसऱ्या वर्षीच्या तुकडीत ती मुलगी होती. मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरची, इथं हॉस्टेलवर राहणारी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. घरी पावरी बोलणारी, माझ्याशी शाळेतली मराठी एकेक शब्द पारखून बोलणारी. पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारलं, इथं का आलात? बाकीचे ‘संस्कृतीची आवड’ वगैरे पाठ केलेलं बोलले. ती म्हणाली, ‘‘प्रमाणपत्र पाहिजे. ते नसलं तर निकाल अडकतो. यंदा पदवी नाही झाली तर घरचे हॉस्टेलवरून नेणार, कामाला लावणार.’’ मला ते उद्धट वाटलं. खरं बोलणारं माणूस मला नेहमी आधी उद्धटच वाटतं, काय करणार!

कामाला मात्र ती वाघीण होती. तीन दिवसांत तिनं कोठीतली धूळ काढली, ती माझ्या नोकरीत कधी निघाली नव्हती. चौथ्या दिवशी मी दालनात गेले तर ही बाई काचेच्या कपाटातला तुंबा कानाशी धरून खुळखुळवत होती. सुकलेल्या भोपळ्याचा तुंबा, आत राखेत ठेवलेलं डोंगरी मक्याचं बी, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. खाली माझ्या हातची चिठ्ठी, ‘बियाणे साठवण्याचे पारंपरिक साधन’.

‘‘काय करतेस?’’ मी ओरडले.

‘‘हे मरतंय, मॅडम.’’

‘‘काय मरतंय?’’

‘‘बी. आवाज हलका झालाय. किती वर्षं बदललं नाही?’’

‘‘नियम तिसरा,’’ मी म्हटलं, ‘‘वस्तू हलवू नये. ठेव खाली.’’

तिनं ठेवला. पुढच्या सोमवारी कपाट उघडलं तर तुंब्याच्या तोंडाला ताजं लिंपण. उचलला तर अर्धा. मी चारही इंटर्नना ओळीनं उभं केलं आणि विचारलं. मला वाटलं होतं, पिसांसारखंच होणार, सगळे छताकडे बघणार. ती एक पाऊल पुढे आली.

‘‘मी नेलं, मॅडम. दोन मुठी. शनिवारी घरी गेले तेव्हा पेरायला दिलं. आमच्याकडचं हे जुनं बी गेलं, आता सगळे पाकिटातलं लावतात. मका निघाली की परत भरते.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! ‘‘चोरी करून वर वायदा देतेस?’’

‘‘चोरी नाही. बी नुसतं ठेवायचं नसतं. पेरायचं, आणि नवं ठेवायचं. नुसतं ठेवलं तर...’’

‘‘सातवा नियम वाच. मोठ्यानं.’’

तिला सगळ्यांसमोर दारातल्या काचेसमोर उभं करून मी तो नियम वाचायला लावला. ‘तत्काळ’ शब्दावर ती अडखळली तर पुन्हा वाचायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘‘रद्द नका करू, मॅडम. दुसरी काय पाहिजे ती शिक्षा द्या. महिनाभर झाडते, पुसते.’’ मी म्हटलं, झाडायला माझ्याकडे शिपाई आहे. तिनं ओढणीनं कपाटाची काच पुसली, कारण तिच्या बोटांचे ठसे होते, आणि गेली.

आता माझा पराक्रम ऐका.

आठवड्याभरानं पाहणीला समिती येणार होती. अर्धा रिकामा तुंबा दाखवायचा कसा? मी शिपायाला बाजारात पिटाळलं, मका आण म्हटलं. तो पिशवी घेऊन आला आणि दारातच घुटमळला.

‘‘मॅडम, हाई ते कोंबडीस्नी मका शे. नवापूरले पोल्ट्रीमा जास ती. दुसरी भेटनी नही.’’

मीही रागात घरच्या बोलीवर आले. ‘‘तुले कोन इचारस? भर.’’

उरलेलं जुनं बी मी केराच्या टोपलीत ओतलं आणि तुंब्यात ती पिवळीधमक, टपोरी खाद्याची मका गळ्यापर्यंत भरून तोंड लिंपून टाकलं. समितीतल्या एका साहेबांनी तुंबा हातात घेऊन फोटो काढला. ‘‘वा! अस्सल देशी वाण! हे जपलं पाहिजे.’’ अभिप्रायाच्या वहीत त्यांनी तसं सहीनिशी लिहिलं. मी मान डोलावली. शिपाई माझ्याकडे बघत नव्हता.

समिती गेल्यावर जुन्या वस्तुनोंदी कपाटात परत लावत होते. माझ्या आधीच्या अभिरक्षकांची एक वही हाताला लागली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. तुंब्याची नोंद सहज बघितली. दाता, मोलगीकडचा एक म्हातारा शेतकरी. पुढे लिहिलं होतं: ‘दात्याची अट: दर पावसाळ्यात आतील बी पेरण्यास द्यावे व पीक आल्यावर नवे भरावे. या अटीवरच तुंबा दिला आहे. संस्थेस मान्य.’ खाली दरवर्षीच्या तारखा, कोणाला दिलं, कोणी परत भरलं. मी रुजू झाले त्या वर्षापासून पुढे पान कोरं.

म्हणजे नियम मोडला होता मी. वर्षानुवर्षं. आणि त्या पोरीला वहीतलं काही ठाऊक नसताना तिनं संस्थेचा शब्द पाळला होता.

दुसऱ्याच दिवशी सर आले. घामाघूम झाले होते. ‘‘मॅडम, प्रमाणपत्रांना तीनच दिवस राहिलेत. पोरीचं वर्ष जाईल हो. लहान चूक आहे, मोठ्या मनानं...’’ वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. माझा गुडघा त्या ड्रॉवरला टेकला होता. बाहेर काढून एक पान दाखवायचं होतं, बस. पण पान दाखवलं की तुंबा उघडावा लागणार. तुंबा उघडला की कोंबड्यांचं खाद्य. मग साहेबांचा फोटो, अभिप्राय, माझी मान डोलावणं, सगळंच बाहेर.

‘‘नियम म्हणजे नियम, सर,’’ मी म्हटलं.

‘‘असं कसं म्हणता?’’

‘‘दारात लावलेत. वाचून आत या.’’

सर उठून गेले. तीन दिवस मी रोज ड्रॉवर उघडला आणि रोज बंद केला. चौथ्या दिवशी उघडायची गरज उरली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच.

दिवाळीनंतर एके सकाळी ती आली. मी आधी ओळखलंच नाही. वाळली होती, केस कापडात बांधलेले, हातात एक गाठोडं. दारातल्या नियमांकडे तिनं पाहिलं नाही.

‘‘बी आणलंय, मॅडम. थोडंच उगवलं, जुनं होतं ना. पण कणसं चांगली भरली.’’ तिनं गाठोडं सोडलं. पांढरे दाणे, मधूनमधून जांभळे, बारीक, काचेसारखे चमकणारे.

‘‘कॉलेज?’’ मी विचारलं.

‘‘सुटलं. नवापूरला असते. पोल्ट्रीत.’’

 मी म्हटलं, ‘‘राहू दे इथं, मी भरते नंतर. किल्ली शिपायाकडे आहे.’’

‘‘तुमच्या कमरेलाच आहे,’’ ती म्हणाली.

उघडलं कपाट. काय करणार? तिनं तुंबा उचलला आणि वजनानंच थबकली. लिंपण फोडलं, तळहातावर ओतलं. पिवळी मका घळाघळा आली आणि टेबलावरून खाली सांडली. ती दाण्यांकडे बघत राहिली. वास घेतला.

‘‘ही आमच्या पोल्ट्रीतली आहे,’’ ती म्हणाली. ‘‘रोज पोती फोडून टाकते मी कोंबड्यांना.’’

 दुसऱ्या कुठल्या इंटर्नवर ढकलून द्यायला जीभ शिवशिवली होती, खोटं कशाला बोलू? मग मी ड्रॉवर उघडला आणि वही तिच्यापुढे टाकली. तिनं ओळीखाली बोट धरून वाचलं. सातवा नियम वाचला होता तसंच, हळू. या वेळी कुठं अडखळली नाही.

‘‘हे तुम्हाला कधी सापडलं?’’

‘‘मुदतीच्या आधी. चार दिवस बाकी होते.’’

 ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर मी उलट तोंड सोडलं असतं, त्यात मी पटाईत आहे. तिनं तुंबा झटकून साफ केला. पदराच्या गाठीतून राख काढली, बी आणि राखेचे थरावर थर घातले, तोंड लिंपलं. मग वही ओढून कोऱ्या पानावर तारीख घातली, ‘नवे बी भरले’ लिहिलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी सही केली.

मग मी तिचं प्रमाणपत्र काढलं. ते मी केव्हाच लिहून ठेवलं होतं. मुदतीच्या आतली तारीख, गोल शिक्का, ‘इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण’. तिनं दोन्ही हातांनी धरून वाचलं.

‘‘आता याचं काय करू, मॅडम?’’

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती, आता हे घेऊन कुठं जायचं, कोणाला दाखवायचं.  तिनं कागद माझ्या टेबलावर ठेवला. मग खाली बसून सांडलेली मका एकेक दाणा वेचली, बी आणलेल्या कापडात बांधली. ‘‘फेकायला नको म्हटलं. कोंबड्या खातील,’’ म्हणाली. नवापूरची गाडी अकराची होती, ती घाईनं निघाली.

प्रमाणपत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्या वहीच्या खाली.