परण्याच्या दिवशी उघडं दुकान

भवानी पेठेत रेश्माचं कडक भाकरीचं दुकान. दुकान कसलं, पुढं काउंटर, मागं चूल आणि चुलीपाशी ती. बरोबर समोर महादेवाचं देऊळ. आता ते देऊळच आडवं आलं.

सहा वर्षं तिचं आणि विरेशचं जमलेलं. साऱ्या पेठेला ठाऊक, पण स्वतःच्या बापाला सांगायची या गड्याची छाती होईना. शेवटी बापानं मंद्रूपची, त्यांच्यातली मुलगी पाहिली आणि हा मान खाली घालून हो म्हणाला. घ्या!

लग्न तोंडावर आलं तेव्हा एका दुपारी, गिऱ्हाईक नाही बघून, तो दुकानात आला.

"रेश्मा, परण्या निघाला की घोडं मिरवत समोरच येणार. आमच्यात नवरदेव आधी या देवळात पाया पडतोय, मग मांडवात. तेवढा एक दिवस दुकान बंद ठेव की. लोक तुझ्याकडं बघतील, तुलाच तरास होईल."

तुलाच म्हणे! काय ती काळजी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मेलं मन असं लाचार, की त्याची उसवलेली कॉलर बघून वाटलं, सुईदोरा आणावा. त्या लाचारीचाच तिला जास्त राग आला.

"देऊळ माझ्या बापाचं न्हाय, विरेश. पण दुकान माझं हाय. बंद न्हाय व्हायचं."

लग्नादिवशी आई, मथुराबाई, सकाळपासून मागं लागली, "टेंभुर्णीला मामाकडं जा गं बाई." रेश्मा ठेवणीतली जांभळी साडी नेसून चुलीपाशी बसली. बँड आला, घोडं देवळासमोर थांबलं. वऱ्हाड नवरदेवाला सोडून हिच्याकडंच बघायला लागलं. मुंडावळ्यांतनं विरेशनं एकदा पाहिलं आणि पटकन मान फिरवली. सहा वर्षं, आणि आता ओळखसुद्धा नाही! तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. थापता थापता भाकरी फाटली.

मथुराबाईनं धावत येऊन शटरला हात घातला. "आत चल. लोक बघत्यात."

"ऱ्हाऊ दे, आये. सोड ते." हात पिठाचे, म्हणून तिनं डोळेही पुसले नाहीत. "मला लई रडू आलंय, आन् मी हितंच रडणार. तोंड लपवायला मी काय चोरी केली व्हय? ज्यानं लपवायचं, तो घोड्यावर बसलाय की!"

बँड नेमका थांबलेला होता. सगळ्या पेठेनं ऐकलं, घोड्यावरच्यानंही.