माही पोरगी तिच्या कडेवर

आमचं घर तिसऱ्या माळ्यावर, किरायाचं. भिलाईतच, पण स्टील प्लांटच्या क्वार्टरमंदी नाही, बाहेरच्या वस्तीत. घरात सासूबाई, नवऱ्याचे मोठे भाऊ, माही जाऊ, माहा नवरा, मी अन् माही दोन वर्षांची पोरगी.

पोरगी झाली तवापासून माहं वजन वाढतच गेलं. भाजी घेऊन आली का दुसऱ्या माळ्यावर मी बसूनच जायची. एका हातात थैली, कडेवर पोरगी, छाती धडधड करे, श्वास पुरेच ना. अन् मागून जाऊ यायची. सिविक सेंटरमंदी कपड्याच्या दुकानात काम करते ती, दिवसभर उभी, तरी टकाटक चढे. आण इकडे म्हणे, पोरगी माह्यापासून घे अन् वर निघून जाये. पोरगी तिच्या मानेत तोंड खुपसे, मोठीआई, मोठीआई करे. मी पायरीवर बसून ते पाहायची.

जाऊले लेकरू नाही. सगळे म्हणत, पुतणीवर किती जीव लावते. मी नाही म्हणायची. मले वाटे, माही पोरगी हळूहळू तिची होऊन राहिली, अन् ते मी मोटी आहो म्हणून.

एक दिवस पोरीले घेऊन उतरताना पाय सरकला. कठडा हातात आला म्हणून वाचलो दोघी. कोणाले सांगितलं नाही. त्याच महिन्यात दवाखान्यात सिस्टरनं बीपी पाहून कार्डावर काही लिहिलं, वजन कम करो म्हणे. मी आठवीपर्यंत शिकलेली. आकडा वाचता येते, तो चांगला का खराब ते नाही समजलं. विचारायची भीती वाटली. घरी येऊन कार्ड डब्यामागे दाबून ठेवलं.

मंग मी जाऊवर नजर ठेवली. ही असं काय खाते? तर सकाळी ती बासी खाये. रातचा भात पाण्यात भिजवलेला, मीठ, कांदा, हिरवी मिरची. दुकानातल्या छत्तीसगडी बायांपासून शिकली होती. मले वाटलं, सापडलं. मीबी लपून सुरू केलं. पण पोहे बंद नाही केले, पोरीच्या ताटात उरलेलं खायचं बंद नाही केलं. सासूबाई डिंकाचे लाडू देत, बाळंतिणीले ताकद पाहिजे म्हणून, तेबी चालूच. पोरगी घरभर पळे, पण सासूबाईच्या लेखी मी अजून बाळंतीणच. त्याच्यावर हे गंजभर बासी, अख्खं पातेलं. महिनाभरात ब्लाउजची शिलाई उसवली.

जाऊनं एका सकाळी मले गंजासकट पकडलं. आधी ती पोट धरून हसली.

"काय वो, बासीनं माणूस बारीक होत असतं तर अख्खं छत्तीसगड हवेत उडलं असतं."

मी रडायलेच आली होती. ते पाहून ती खाली बसली. "रात्री तू जेवते कवा?"

नवरा हथखोजच्या कारखान्यातून साडेदहाले येते, त्याच्यानंतर, म्हणलं.

"अन् मी कवा जेवते, पाह्यलं का?"

पाह्यलं होतं. सातले. ती कमावते म्हणून तिले कोणी बोलत नाही, हेबी माह्या पोटात दुखेच.

तिचं ऐकायचं म्हणजे मले अजून दोन पायऱ्या खाली बसल्यासारखं वाटे. पण तो सरकलेला पाय डोळ्यापुढून जाये ना. मंग मी सासूबाईले म्हणलं, "आई, मी आता सातले जेवत जाईन, पोरीसंग. अन् लाडू नोको मले." नवऱ्याच्या आधी जेवशील का, म्हणाल्या, अन् दोन दिवस माह्याशी धड बोलल्या नाहीत. नवऱ्याले सांगायची तर अजून भीती. तो म्हणे, "मी तर गेटवर समोसे खाऊन येतो रोज. तू कायले थांबत होती?"

दोन वर्षं थांबली होती मी.

सकाळी जाऊ ऑटोसाठी मेन रोडपर्यंत पायी जाये. पोरीले सासूबाईजवळ ठेवून मी तिच्यासंग निघायले लागली. ती पुढे, मी मागे धापा टाकत. तिची सरळ पाठ पाहून मनात तिले शिव्या देत चालायची, अन् ती ऑटोत बसली का एकटी वापस. कितीतरी हप्ते काहीच फरक नाही पडला. मंग एक दिवस ध्यानात आलं का मी तिच्या बाजूनं चालून राहिली, अन् बोलूनबी राहिली. पुढच्या वेळी दवाखान्यात मी कार्ड पुढे केलं अन् विचारलं, ये कितना होना चाहिए. सिस्टरनं बोट ठेवून समजावलं. बीपी आधीपेक्षा कम आलं होतं, अजून कम पाहिजे.

मोटी तर मी अजून आहोच. पण मांगच्या हप्त्यात पोरीले कडेवर घेऊन मी तिन्ही माळे चढली, कुठी न बसता. शेवटच्या वळणावर पाय भरून आले, पोरगी माह्या कानात काहीतरी बडबडत होती, मी थांबलीच नाही. जाऊची सुट्टी होती. ती दारात उभी होती, आण इकडे म्हणून तिनं हात पुढे केले. पोरगीबी तिच्याकडे झुकली. मी पोरीले घट्ट धरलं.

"राहू द्या ताई. मी नेते."

तिचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मंग ती बाजूले सरकली अन् दार पूर्ण उघडलं. तिचं तोंड उतरलं होतं, मी पाह्यलं. मले बरं वाटलं, खोटं कायले बोलू. आत जाऊन बसली, श्वास खाली बसला, तवा वाटलं का एवढं बरं वाटायले नोको होतं. पण पोरीले मांडीवरून खाली सोडलं नाही.