कागदावरचा हलवा

माझी आई ग्रीटिंग कार्डं करायची आणि त्यांवर रंगाचा एक ठिपकाही नसायचा. पांढऱ्या कागदावर पांढरीच फुलं. शाई नाही, चमकी नाही, वाळलेली पानं चिकटवणं तर नाहीच. कागद मागून दाबायचा आणि पुढे उठाव आणायचा, बस. ज्यांना तिची कार्डं जात त्यातल्या निम्म्या लोकांना आधी वाटे, ही बाई आत काही काढायला विसरली. मग कुणीतरी कार्ड खिडकीपाशी नेऊन तिरकं धरे आणि कागदातून शेवंती वर येई. "ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी न्यू मार्केटात सोनेरी कार्डं मिळतात की," असं आई म्हणायची. तिचा तोरा असा होता.

आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. पुढे पेरूचं झाड, मागे व्हरांडा, आणि सगळ्या घरांत एकाच रंगाचा चुना. बाबा टूलरूममध्ये तपासनीस होते. तयार झालेल्या भागाला योग्य फिनिश आलंय का, हे पाहणं त्यांचं काम. मोजायची यंत्रं होती, पण बाबा आधी भागावरून अंगठा फिरवत. अंगठा कुठे अडखळला तर तो भाग परत. ही खोड घरीही सुटत नसे. सुतारानं स्टूल आणलं की अंगठा, धोब्याकडून शर्ट आला की अंगठा. मी पहिल्यांदा सारवलेल्या तुळशीच्या ओट्यावरसुद्धा त्यांनी अंगठा फिरवला होता आणि मी रडले होते.

कागद दाबायची आईची काडी त्यांनीच करून दिलेली. विणकामाच्या लोखंडी सुईचं टोक घासून घासून त्यांनी मोहरीएवढं गोल केलं होतं. टोकाला जरा जरी धार राहिली तर कागद फाटतो, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी चहा झाला की ते पॉलिश पेपर घेऊन बसत, असं आई सांगायची. बाबांनी तिला कधी गजरा आणल्याचं मला आठवत नाही. ती काडी मात्र आई शेवटपर्यंत देवघराच्या खणात ठेवायची.

फुलापानांसाठी ती साचे कापायची. त्याला एक्स-रेची फिल्म सगळ्यात चांगली. चिवट असते आणि वळत नाही. साचा खिडकीच्या काचेला चिकटवायचा, त्यावर ड्रॉइंगचा जाड कागद उलटा धरायचा, मेणबत्तीचा तुकडा हलकेच घासायचा म्हणजे काडी सरकते, आणि मग काचेतून आलेल्या उजेडात साच्याची कड दिसेल तशी काडी फिरवत जायचं. एकदा बाबांचा गुडघा दुखावला आणि त्याचा एक्स-रे काढला. दुखणं बरं व्हायच्या आत आईनं त्या गुडघ्यातून तुळशीवृंदावन कापलं. त्या दिवाळीला नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना बाबांच्या गुडघ्यातून निघालेली तुळस गेली.

पण तिचं खरं काम साच्याशिवायचं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाली घ्यायचा, त्यावर कागद पालथा ठेवायचा आणि नुसत्या काडीनं एकेक ठिपका उठवायचा. यात पुढे काय होतंय ते काम करताना दिसत नाही. सगळं पाठीकडून, मनात धरून करायचं, आणि संपल्यावरच कागद उलटायचा. मी पुष्कळदा प्रयत्न केला. माझे ठिपके एक तर बसके व्हायचे, नाही तर भोक पडायचं. आई म्हणायची, "तुझ्या हातात राग आहे." होताच. अजून आहे.

मी लग्न होऊन पुण्याला आले आणि काही वर्षांनी आईच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं. मला दिवस गेल्याचं सांगायला मी वैशाखात भोपाळला गेले तेव्हा ती दोन खोल्या चालली तरी दारापाशी थांबत होती. बातमी ऐकून तिनं आधी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "म्हणजे संक्रांतीला बाळ मांडीवर. बोरन्हाण इथेच करायचं हं."

आमच्याकडे बाळाच्या पहिल्या संक्रांतीला त्याला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. हा हलवा म्हणजे साखरेचे पांढरे काटेरी दाणे. मंद शेगडीवर परातीत तीळ घ्यायचे, त्यावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, तासन् तास, तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो. टाउनशिपमधल्या सगळ्या मराठी घरांतल्या बाळांचे दागिने आई करायची. स्वतःच्या नातवंडाला बाजारचे दागिने घालायचे, ही कल्पनाच तिला सहन होईना. आणि शेगडीसमोर तर तिला पाच मिनिटं बसवत नव्हतं.

मग तिनं कागद घेतला.

पावसाळाभर ती ते कार्ड करत होती. मधे मी पुन्हा गेले तेव्हा पाहिलं. व्हरांड्यात उशांना टेकून बसलेली, मांडीवर पाट, पाटावर ट्यूबचा तुकडा. चार ठिपके उठवायची, मग डोळे मिटून श्वास घ्यायची. तिच्या छातीचे एक्स-रे उशाशी होते. "आता फिल्मला तोटा नाही बघ," ती म्हणाली आणि हसली. मला मुळीच हसू आलं नाही.

पुरं झाल्यावर तिनं कार्ड माझ्या हातात दिलं नाही, स्वतःच खिडकीत तिरकं धरलं. वर मुकुट, खाली हार, दोन बाजूंना बाजूबंद, मग कमरपट्टा, तळाशी वाळे. सगळं हलव्याचं. एकेका दाण्याभोवती तिनं टाचणीच्या डोक्यानं बारीक काटा उठवला होता. मी बोट फिरवलं तर खरंच हलव्यासारखं टोचलं. दागिने बाळानं घातल्यासारखे जागच्या जागी होते, आणि मधे बाळ नव्हतं. कोरा कागद.

"बाळ नाही काढलंस?"

"ते कसं दिसतं ते मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "दागिने माझे, बाळ तुझं."

भाद्रपदात आई गेली.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माहेरात आई नसताना ते कसं करायचं, असं सासरी सगळ्यांनी विचारलं. बाबांनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, "तिनं इथेच म्हटलं होतं." मग मी गेले. शेजारच्या चाची मला न्हाऊ घालायच्या, बाबा डिंकाचे लाडू वळायला शिकले आणि प्रत्येक लाडू गुळगुळीत आहे का ते बघू लागले. मुलगी झाली. बाबा तिला पहिल्यांदा घेताना इतके घाबरले की आधी हात धुऊन आले, मग पुन्हा एकदा धुऊन आले.

त्याच सुमारास त्यांची निवृत्ती जवळ आली होती. क्वार्टर सोडून शाहपुऱ्याला भाड्याचं घर घ्यायचं ठरत होतं, आणि बाबांचं कागदपत्रं आवरणं चाललं होतं. आता टाउनशिपच्या माणसांची एक गोष्ट सांगायला हवी. काही जपायचं असलं की ही माणसं ते लॅमिनेट करत. मार्कशीट, जन्मदाखला, दीर्घ सेवेचं प्रशस्तिपत्र. एका घरी तर गणपतीची आरती लॅमिनेट केलेली होती. बदल्या, ओल, उंदीर, वाळवी, सगळ्यांवर तेवढा एकच उपाय. संक्रांतीच्या दोन-तीन दिवस आधी बाबा आपली चळत घेऊन टी. टी. नगरला लॅमिनेशनच्या दुकानात गेले.

बोरन्हाणाला आमचे मराठी शेजारी आले, त्यांची मुलं आली. मुलीला काळं झबलं घालून पाटावर चाचींच्या मांडीवर बसवलं. कुणीतरी विचारलं, दागिने कुठायत? बाबा उठले. "तिच्या आजीनं केलेत," ते म्हणाले, आणि आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मला आठवतंय, त्यांनी त्या दिवशी नवा स्वेटर घातला होता. आई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. त्यांनी कागद सोडला आणि कार्ड बाळापुढे उभं केलं.

ते चकचकत होतं. त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

चाची म्हणाल्या, "भाईसाब, इसमें तो कुछ है ही नहीं."

"ऐसे नहीं दिखेगा," बाबा हसून म्हणाले. "तिरछा पकड़ना पड़ता है." ते कार्ड घेऊन खिडकीत गेले. या बाजूला वळवलं, त्या बाजूला वळवलं. मला कळलं होतं. मी पाटापासून हललेही नाही, कारण मी उठले असते तर त्यांनाही त्या क्षणी कळलं असतं. मग त्यांनी सवयीनं अंगठा ठेवला आणि मुकुटाच्या जागेपासून खाली ओढत आणला. तो कुठेच अडखळला नाही.

मुलं वाट पाहत होती. कुणीतरी बोरं ओतली, पोरं तुटून पडली, माझी लेक दचकून रडायला लागली. बाबा खिडकीतच उभे होते. सगळ्यांना वाटलं, आठवण आली असेल.

माणसं गेल्यावर मी व्हरांड्यात गेले. ते आईच्या जागी बसले होते, कार्ड मांडीवर पालथं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. असं काही लॅमिनेट करतं का कुणी, गरम रुळातून कागद दाबून निघतो हे तुम्हाला माहीत नाही, तुम्हाला? कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला? शब्द अगदी ओठांवर होते.

"लहान मूल आहे, तोंडात घालेल, लाळेनं भिजेल म्हणून केलं गं," ते म्हणाले. "दुकानवाला म्हणाला, बाबूजी, पानी भी गिर जाए तो कुछ नहीं होगा."

"जाऊ दे, बाबा."

"नाही, ऐक. पहिल्यांदा त्यानं काढलं ना मशीनमधून, तेव्हा आत बुडबुडे राहिले होते. बारीक बारीक, हलव्याएवढे. सगळीकडे." ते आपल्या अंगठ्याकडे बघू लागले. "मीच त्याला म्हटलं, हे काय फिनिश झालं? तो म्हणत होता, रहने दो बाबूजी. मी ऐकलं नाही. पुन्हा घालायला लावलं. अंगठा फिरवून पाहिला, आणि एकदम छान झालं म्हणून त्याला शाबासकी देऊन आलो."

मला जे ओरडायचं होतं त्यातलं काही उरलं नाही. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि आई गेल्यावर रडले नव्हते तशी रडले. बाबा रडले नाहीत. त्यांनी देवघरातून काडी आणली आणि कार्डाच्या पाठीवर एक ठिपका दाबून पाहिला. प्लास्टिकवरून काडी घसरली. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा घसरली. मग त्यांनी काडीचं टोक आपल्या अंगठ्यावर टेकवून पाहिलं.

बाबाही आता नाहीत. काडी माझ्याकडे आहे, गुडघ्यातून कापलेल्या तुळशीचा साचा आहे, आणि ते कार्डही आहे, माझ्या मार्कशीटांच्या खाली. इतकी वर्षं झाली तरी पिवळं पडलेलं नाही. लेक लहान असताना ते तिचं आवडतं खेळणं होतं. ती स्केचपेननं त्यावर घर काढायची, मांजर काढायची, मला काढायची. एकदा तिनं विचारलं, आजीनं यावर काय काढलं होतं? मी तिचं बोट धरून कार्डावर फिरवलं आणि सांगत गेले, इथे मुकुट, इथे हार, इथे वाळे. तिनं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग ओलं फडकं आणलं, आपलं मांजर पुसलं, आणि कार्ड पुन्हा कोरं करून माझ्या हातात दिलं.