तिकडं असलं चालत न्हाय

"तिकडं असलं चालत न्हाय!" असं म्हणून आमच्या शेजारचे आप्पा हात आडवा फिरवायचे, ताटावरची माशी हाकलावी तसा. बेळगावात मोर्चा निघाला, तिकडं चालत न्हाय. खडेबाजारात कुणी भर रस्त्यात थुंकलं, तिकडं चालत न्हाय. तिकडं म्हणजे आखातात. एका राजाच्या राज्यात कैक वर्षं वायरमनचं काम करून ते इथं बेळगावच्या वडगावात परतले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत दोन माग टाकून साड्या विणत होते.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेलच. आमच्या गल्लीत त्याला मान डोलावणारी मीही होते.

त्या वेळी मी नवी नवी शहाणी झालेली. "आप्पा, आपल्याकडं बी एक कडक राजा पायजे. मतं न्हाईत, बितं न्हाईत," असं ठासून सांगायची. देशाला कडक राजा हवा होता मला. घरात मात्र सासूबाईंनी साखरेचा डबा कुलपात ठेवला, तर रुसून जेवत नव्हते. एवढी अक्कल एका डोक्यात कशी मावत होती, देव जाणे.

आप्पांची एक सवय मला कळत नसे. राजाचं कौतुक ते रस्त्यावर, मोठ्यानं करत. तक्रार करायची झाली की आधी खिडकी लावून घेत. आणि तक्रार कसली, तर आपल्या इथल्या नळाला पाणी नाही याची!

"पाण्यावर बोलायला खिडकी कशाला, आप्पा?" मी एकदा हसून विचारलं.

त्यांनी खिडकीची कडी पुन्हा एकदा चाचपली. "तिकडं आमच्या खोलीत खानापूरचा एक गडी होता. पगार रखडला म्हणून जेवताना मोठ्यानं बोलला. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. कुठं गेला, आम्ही कुणी इचारलं न्हाय."

"मग?"

"मग काय. त्या खाटंवर दुसरा आला."

यावर मी काय म्हणाले असेन? "चहा टाकू का?" अशी मी!

पुढं गल्ली रुंद करायचं निघालं. महापालिकेच्या माणसांनी आप्पांच्या घरात लाल रेघ मारली. दोन्ही माग रेघेच्या बाहेर, म्हणजे रस्त्यात. पोटच जाणार. साहेबांनी देवळात सभा घेतली. सगळी गल्ली माना खाली घालून बसलेली. आणि आप्पा उठले. आवाज असा फुटला की देवळावरची कबुतरं उडाली.

"ओ साहेब! माझ्या मागावरनं रस्ता न्यायच्या आधी मला इचारलासा का? फिरून मोजा! न्हाईतर जागा देणार न्हाय!"

साहेब दचकले, "बघू, बघू" म्हणत निघून गेले.

सकाळी बघते, तर आप्पा दाढी करून, धुतलेला सदरा घालून पायरीवर बसलेले. मांडीवर कापडी पिशवी.

"गावाला निघालाय व्हय?"

"न्हाय गं. न्यायला येतील."

"कोण?"

मी पिशवीत डोकावले. एक टॉवेल, एक लुंगी, बीपीच्या गोळ्या. मला आधी हसू आलं. मग खानापूरच्या गड्याची रिकामी खाट आठवली आणि मी त्यांच्या शेजारी टेकले.

दुपारी महापालिकेचा शिपाई सायकलवरनं आला. "बर्री आप्पा, या हिकडं," त्यानं अर्ध्या कानडीत हाक मारली.

आप्पा उठले. पिशवी छातीशी धरली. मला हळूच म्हणाले, "माग तेवढे झाकून ठेव."

"पिशवी कशाला?" शिपाई म्हणाला. "ती ठेवा खाली आणि टेपचं हे टोक धरा. साहेबांनी फिरून मोजायला सांगितलंय."

आप्पांनी टोक धरलं.

"हलवू नकासा की, आप्पा! टेप थरथरतोय!" शिपाई पुन्हा पुन्हा ओरडत होता.

माग वाचले, पायऱ्या गेल्या. आणि आप्पांचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. दिवा बंद, आप्पा कचेरीत. गटार तुंबलं, आप्पा कचेरीत. त्यांना जिन्यात बघून कारकून चहाला पळत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तो शिपाई मातीला आला होता. "आक्का, आता हापिसात वरडायला कोण येणार हो?"

"मी येते की."

"खुशाल जावा. मी रिटायर झालोय."

गल्लीतला दिवा तसाही बंदच होता. सोमवारी कचेरीत गेलेसुद्धा. पण आप्पांच्या निम्म्यानंही आवाज निघेना.