माझ्या नावाचा अंगठा

अर्जदार : मी स्वतः, शिक्षण सातवी नापास, धंदा अर्ज लिहिणे, बैठक नागपूरच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली.
गैरअर्जदार : बँकेचे शाखाधिकारी; महाल भागातले एक वकीलसाहेब.
साक्षीदार : माझी मुलगी वनिता.
काळ : आणीबाणी उठली त्या वर्षीचा उन्हाळा.

शाखाधिकाऱ्यांनी पैसे काढल्याची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. नाव माझे. खाते माझे. खाली अंगठा.

मी निवेदन केले की मी सही करतो, नमुना आपल्याच दप्तरी आहे. वस्तीत पहिली सही माझी. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्हा लोकांचा अंगठाच असतो. मला वेगळे काय वाटणार?"

मागे रांगेत कोणी हसले.

हकीकत अशी. आमची घरे पावसात गळतात. म्हणून रेशनकार्ड, पासबुक वकीलसाहेबांच्या लोखंडी कपाटात ठेवण्याची वस्तीची रीत होती. त्यांनी ठेवून घेतले, याचाच आम्हांस मोठेपणा. त्यांच्या मुनशीने माझे पासबुक काढले, कुणा इसमास माझ्या नावाने बँकेत उभे केले, हाताला लागल्याने सही होत नाही असे सांगितले. 'यास मी ओळखतो', अशी खाली वकीलसाहेबांची सही. वनिताच्या नर्सिंगसाठी साठवलेले सर्व गेले.

मी वाड्यावर गेलो. साहेब झोपाळ्यावर होते.

"पैसे मी भरून देतो. तू फक्त लिहून दे, अंगठा तुझाच. माझ्या सहीला बट्टा नको."

कोरा कागद घेऊन घरी आलो. पेन उघडले. वनिता समोर उभी राहिली.

"यंदा रायलं तर रायलं शिकणं, बाबा. पन दुसऱ्याचा अंगठा तुमी काहून कबूल करता?"

कागद कोराच परत नेला. साहेब म्हणाले, "माजलास." मी माझे पासबुक, कार्ड मागून घेतले. वस्तीतल्या प्रत्येकास सांगितले, आपले कागद आपल्या घरी आणा, पत्र्याच्या डब्यात ठेवा. बँकेस खाते गोठवण्याचा अर्ज दिला, नकलेवर पोच घेतली.

परंतु तो इसम याच शहरात आहे. काही वेळ तो मी होता. सीताबर्डीच्या गर्दीत मी लोकांचे हात पाहत चालतो. पक्षकार अर्जावर अंगठा उठवतो, तेव्हा त्याचे मनगट माझ्याकडून नको तितके घट्ट धरले जाते. कोणी माझे नाव घेऊन हाक मारली, तर मी लगेच ओ देत नाही. आधी मागे पाहतो. न जाणो, दुसरा कोणी ओ देईल.

सबब मागणी अशी : चिठ्ठीवरचा ठसा व माझा ठसा शेजारी ठेवून तपासावा. तो इसम व मी, दोघांस वकीलसाहेबांपुढे उभे करावे. ते कोणाला ओळखतात, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. माझी रक्कम बँकेने द्यावी, वकीलसाहेबांच्या हातून मी घेणार नाही. उत्तर लेखी हवे. ते मिळेपर्यंत दर सोमवारी बँक उघडताच मी दारात उभा असेन. मी कोण, हे माझ्यावाचून दुसऱ्या कोणाला विचारू नये.